३० जुलै, रात्री ११

शिफ्ट संपवून पावसातनं फोंड्याला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. आज चारशे खुर्च्या लावल्या आणि दिवसभर डोक्यात बोस्नियाची राजधानी सारायेव्होच होती.

२०१६ च्या ऑक्टोबरात बाणावलीला ब्रिक्स परिषद झाली तेव्हा मी हॉटेलच्या बँक्वेट विभागात नवीनच होते. कुणाचा झेंडा कुठे, कुणाला जेवणात काय चालत नाही, पासशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, तेव्हा वाटायचं याहून कठीण काम नसेल. पण आमच्याकडे वीज, पाणी, रस्ते सगळं धड होतं.

सारायेव्होला १९९९ साली आजच्याच तारखेला बाल्कन देशांत युद्धांनंतर शांतता टिकावी म्हणून केलेल्या स्थैर्य कराराची परिषद झाली. करार १० जूनला जर्मनीतल्या कोलोनला झालेला, म्हणजे मध्ये जेमतेम पन्नास दिवस, आणि तेवढ्यात क्लिंटनसकट एवढे नेते जमवायचे अशा शहरात जे १९९२ ते १९९६ जवळजवळ चार वर्षं वेढ्यात होतं. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मिलोशेविच, त्यांना बोलावलं नव्हतं.

जागा झेत्रा हॉल. १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेला, मग युद्धात तोफांनी फोडलेला. तळघरात प्रेतं ठेवायचे, शेजारच्या मैदानाचं कबरस्तान झालं, आणि हॉलमधल्या लाकडी खुर्च्या काढून त्याच्या शवपेट्या केल्या. हे वाचल्यापासून मला खुर्चीला हात लावताना कसंतरीच होतंय.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांची सगळी हयात सुतारकामात गेली. भाताचा घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "अगो, खुर्चीची फळी आखूड. जोड देत देत पेटी करावी लागली असेल." मग किती फळ्या लागतील ते बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. नंतर जेवलेच नाहीत नीट.

परिषद दुसऱ्या कुठल्यातरी धड शहरात घेतली असती तर आयोजकांची निम्मी धावपळ वाचली असती, पण मला मनापासून वाटतं ती तिथेच व्हायला हवी होती, त्याच छपराखाली. हॉल त्याच वर्षी दुरुस्त होऊन उघडला होता. नेत्यांची भाषणं वाचायला मिळतात, पण आदल्या रात्री तिथे खुर्च्या कुणी लावल्या ते कुठेच लिहिलेलं नाही. त्यातल्या एखाद्याचं माणूस त्याच तळघरात ठेवलेलं असेल. तरी त्याने मागे जाऊन, एक डोळा मिटून, ओळ सरळ आलीय का बघितलं असेल.