२६८ पायऱ्या

मार्चमध्ये हाँगकाँगला टूर नेऊ नये, असं मी ऑफिसात सांगून पाहिलं होतं. त्या दिवसांत तिथल्या डोंगरांवर धुकं बसतं. पण तारखा ठरल्या होत्या, आणि २०२४ च्या मार्चमध्ये नागपूरच्या बावीस जणांना घेऊन मी निघालो. बहुतेक जण इंदोरा आणि कामठीकडचे, साठी ओलांडलेले बौद्ध उपासक. त्यांना ना बाजार बघायचा होता, ना उंच इमारती. सगळ्यांच्या तोंडी एकच, लांताऊ बेटावरचा बुद्ध.

लांताऊ हे हाँगकाँगमधलं सगळ्यात मोठं बेट, मुख्य हाँगकाँग बेटाच्या जवळजवळ दुप्पट. पण वस्ती काठाकाठानं आणि मध्ये सगळा डोंगर. सर्वांत उंच शिखर ९३४ मीटर. डोंगर म्हटलं की सीताबर्डीची टेकडी, फार तर रामटेकचा गड डोळ्यापुढे येणाऱ्या आम्हा नागपूरकरांना समुद्रातून असे उभे कडे वर आलेले पाहून बोलायला सुचत नाही. बसमध्येही कोणी बोलेना.

तुंग चुंगहून केबल कार घेतली. ५.७ किलोमीटरचा तो प्रवास साधारण पंचवीस मिनिटांचा. आधी खाली खाडी, मग विमानतळ. चेक लॅप कोक नावाचं छोटं बेट सपाट करून, समुद्रात भर घालून तो बांधला आणि १९९८ मध्ये सुरू झाला, हे मी सांगतच होतो, तेवढ्यात केबिन ढगात शिरली. मग काचेबाहेर फक्त पांढरं.

वर न्गाँग पिंगच्या चौकातून पायऱ्या दिसायला हव्यात आणि पायऱ्यांच्या टोकाला बुद्ध. बैठकीसकट ३४ मीटर उंच, कांस्याच्या २०२ तुकड्यांतून जोडलेली मूर्ती. १९९३ च्या डिसेंबरात तिचं अनावरण झालं. त्या दिवशी आम्हाला जेमतेम पंधरा-वीस पायऱ्या दिसत होत्या, पुढचं सगळं धुक्यात. लोकांचे चेहरे उतरले. मी म्हणालो, "आधी पो लिन मठात जाऊ, शाकाहारी जेवण घेऊ, मग पाहू." खरं तर मनातून मी पायऱ्या रद्द केल्या होत्या. जेवण झालं की सरळ ताई ओला, पाण्यात खांबांवर घरं असलेल्या कोळ्यांच्या गावाला जायचं. शिवाय गटातल्या सर्वांत वयस्कर आजींच्या मुलानं निघताना मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आईला चढू देऊ नका. गुडघे गेलेत."

आजी पहिल्या पायरीवर उभ्या होत्या.

"आजी, वर काही दिसणार नाही."

"हाव, मालूम हाये. चल बेटा, हात दे."

त्यांना अडवणं माझं काम होतं. मी हात दिला. आजही वाटतं, त्या दिवशी एवढंच नीट केलं.

प्रत्येक टप्प्यावर आम्ही थांबलो. तिसऱ्या की चौथ्या टप्प्यावर धाप लागली, तेव्हा आजी कठड्याला टेकल्या आणि बोलू लागल्या. १४ ऑक्टोबर १९५६, नागपुरातल्या धम्मदीक्षेचा दिवस. त्या सहा वर्षांच्या.

"मायचा पदर धरून उभी होती मी. पुढं नुसत्या पाठी. पांढरे सदरे, पांढरी लुगडी. बाबासाहेब मले दिसलेच नाई. भोंग्यातून आवाज ये, अन् सारी मानसं संगंसंगं म्हणत, तं मीबी म्हटलं. मंग, दिसले नाई म्हणून मी दीक्षा घेतली नाई का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर विजयादशमीला दीक्षाभूमीची गर्दी पाहत मी मोठा झालो. पण त्या गर्दीत खाली, पाठींच्या मागे उभ्या असलेल्या पोरीला काय दिसलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

वर पोहोचलो तर बुद्ध नाहीच. कमळाच्या पाकळ्यांची खालची कड तेवढी अंधुक. बुद्धाला फूल, धूप, दिवा अर्पण करणाऱ्या देवतांच्या सहा मूर्तींपैकी जवळच्या दोन-तीन मात्र स्पष्ट दिसत होत्या. मी सवयीनं माहिती सुरू केली : या सहा पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारे सद्गुण : दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा.

"आपल्या तं दहा हायेत," आजी म्हणाल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. "शील, दान, उपेक्षा, नैष्क्रम्य, वीर्य, शांती, सत्य, अधिष्ठान…" तिथं अडकल्या.

"करुणा," मागून आवाज आला.

वळून पाहिलं. खाली चहा घेत असतील असं मी ज्यांना धरून चाललो होतो, त्यातले अकरा जण धापा टाकत मागे उभे होते. दहावी पारमिता, मैत्री, सगळ्यांनी मिळून म्हटली. मग ओल्या फरशीवर चपला काढून, न दिसणाऱ्या मूर्तीकडे तोंड करून त्रिशरण-पंचशील झालं. शेजारचं एक चिनी कुटुंब हात जोडून थांबलं. "बुद्धं सरणं" एवढे शब्द त्यांना कळले असतील का, कोण जाणे.

उतरणं चढण्यापेक्षा कठीण गेलं. गुडघे उतरताना जास्त बोलतात. आजी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत आल्या. पाऊण तास लागला. ताई ओ राहून गेलं. दोघांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती; कार्यक्रमात छापलेलं मी दाखवलं नव्हतं. आजींच्या मुलाला रात्री मीच फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "किती पायऱ्या?"

२६८.

आता लांताऊच्या दिवसाचं वेळापत्रक मी स्वतः बनवतो. पायऱ्यांसाठी दोन तास मोकळे ठेवतो, धुकं असो की ऊन. ताई ओ दुसऱ्या दिवशी सकाळी.