पॅरिसमध्ये विकत घेतलेलं भांडण

सेन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या त्या सुप्रसिद्ध हिरव्या पेट्यांनी माझी घोर निराशा केली. नियमाप्रमाणे विक्रेत्याच्या चार पेट्यांपैकी एकाच पेटीत पर्यटकांचा माल चालतो. मला मात्र जिथे तिथे आयफेलच्या की-चेनच दिसल्या. लूव्र, मोंमार्त्र, बोटीतली सैर सगळं झालं. गर्दी होती, पाय दुखले.

शनिवारी नवरा आणि लेक व्हर्सायला गेले आणि मी सुटले! मेट्रोने पोर्त द व्हांव्ह, तिथून चालत जॉर्ज ब्रासांस बाग. पूर्वी घोड्यांचा बाजार भरायचा त्या लोखंडी छपराखाली आता शनिवार-रविवार जुनी पुस्तकं मांडतात. बाजू उघड्या, वारा बोचरा, कॉफी महाग आणि वाईट. पण इंग्रजी कादंबऱ्यांवरून बेतलेल्या फ्रेंच नाटकांच्या जुन्या आवृत्त्या जमवणाऱ्या बाईला याहून चांगली जागा नाही. फ्रँकनस्टाइनवरचं १८२६ सालचं नाटक तिथे होतं. किंमत ऐकून अलगद परत ठेवलं.

मग म्हाताऱ्या विक्रेत्याने खोक्याच्या तळातून 'पामेला' काढलं. रिचर्डसनच्या १७४० सालच्या कादंबरीवरून गोल्दोनीने इटालियनमध्ये नाटक केलं, त्यावरून फ्रांस्वा द नफशातोने हे पाच अंकी पद्यनाटक रचलं. आपल्या नाटकांच्या पुस्तकांत असते तशी पहिल्या प्रयोगाची तारीख छापलेली: १ ऑगस्ट १७९३. प्रकाशनाचं साल मात्र इसवी सनात नाही. नुसतं 'तिसरं वर्ष', क्रांतीच्या पंचांगातलं, म्हणजे १७९४-९५.

नाटकाची नायिका पामेला ही मोलकरीण शेवटी खानदानी घरातली निघते. राजेशाही संपवलेल्या पॅरिसला ते कसं खपावं? नाटक थांबवलं गेलं. लेखकाने तिला सामान्य घरातली केली, पुन्हा प्रयोग लावला. तेव्हा सहिष्णुतेवरच्या ओळींना टाळ्या पडल्या, आणि लगेच हे नाटक करणाऱ्या कोमेदी-फ्रांसेझ नाट्यगृहाला टाळं लागून नटमंडळी आणि लेखक तुरुंगात गेले. काहींच्या मानेवर गिलोटिन टांगतं होतं. दहशतीच्या त्या राजवटीचा नेता रोबेस्पिएर पडला म्हणून वाचले.

आणि माझ्या हातातल्या प्रतीची पानं घडीला जोडलेलीच! तेव्हाची पुस्तकं अशीच मिळत, वाचणाऱ्याने सुरीने पानं कापून सुटी करायची. ही कुणी कापलीच नव्हती. ज्या ओळींपायी माणसं कोठडीत गेली, त्या या प्रतीत दोनशे तीस वर्षं कुणी वाचल्याच नव्हत्या. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं, थंडीनेही असेल.

"कापू नका, मादाम, किंमत उतरेल," विक्रेता म्हणाला. मग पुस्तक कशाला विकता हो? साबण विका.

रात्री हॉटेलात बोथट सुरीने सावकाश पानं सोडवली. चौथ्या अंकापर्यंत पोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "आता याचे किती येतील?" त्याला म्हटलं, झोप.