पिंजर, पाऊस आणि धिंगरी

घरात अळिंबी लावायचं ठरल्यावर पहिली फुली बटन मशरूमवर मारली. हॉटेलच्या भाजीत असतं ते पांढरं बटन कंपोस्टवर येतं, ते कंपोस्ट तयार करायलाच तीन-चार आठवडे जातात, आणि फळं धरताना त्याला 14 ते 18 अंशांची थंडी लागते. कोल्हापुरात तेवढी थंडी म्हणजे एसी आणि विजेचं बिल. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, तशी नखरेल नाही. तिला 20 ते 30 अंश चालतात आणि हवेत 80 टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. जुलैत आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या भिंतींना हात लावला तरी ओला होतो. म्हणून सुरुवात पावसाळ्यातच केली. व्हिडिओत दाखवतात ते ह्युमिडिफायर, स्टीलचे रॅक वगैरे काही घेतलं नाही.

बियाणं, म्हणजे स्पॉन, विकत मिळतं. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवलेली असते. पिशवी पांढरीशुभ्र दिसली पाहिजे. हिरवा-काळा ठिपका दिसला तर घ्यायची नाही. यात फार डोकं लावावं लागत नाही. डोकं लागतं ते पिंजराला, म्हणजे ती वाढते त्या भाताच्या पेंढ्याला.

भाताची कापणी दिवाळीच्या आसपास होते, त्यामुळे जुलैत मिळणारं पिंजर जुनंच असतं. गंजीच्या वरच्या थरातलं पावसानं काळं पडलेलं, आतलं मात्र अजून पिवळंधमक. आपल्याला ते आतलं पाहिजे, कारण भिजून काळं पडलेल्या काडात आधीच दुसऱ्या बुरशींनी बिऱ्हाड केलेलं असतं. आमचे दूधवाले मामा पन्हाळ्याच्या बाजूचे. त्यांना आतलंच पिंजर हवं म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हशीच्या तोंडातलं काढून भूछत्र्यास्नी घालताय व्हय ताई?" पण आणलं, आणि तेही त्यांच्याच कडबाकुट्टीतून बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून. हातानं विळीवर चिरत बसले असते तर हा लेख लिहायला मी उरले नसते.

ते तुकडे पोत्यात भरून रात्रभर पाण्यात बुडवले. नंतर निर्जंतुकीकरण. बरेच जण 100 लिटर पाण्यात 125 मिली फॉर्मेलिन आणि 7.5 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून त्यात काड सोळा-अठरा तास भिजवतात. त्यात सरपण वाचतं. पण फॉर्मेलिनच्या वासानं डोळ्यांना धारा लागतात, आणि घरात लहान मूल असताना खायच्या वस्तूसाठी तो ड्रम मला नकोच होता. परड्यात चुलवण होतं, पाणी तापवायचा मोठा हंडा होता. 80 अंशांच्या पाण्यात तासभर पोतं दाबून ठेवलं, वर दगड. खळखळा उकळायची गरज नसते. उष्णता तासभर टिकवणं महत्त्वाचं, म्हणून चुलीपुढून हलता येत नाही.

पाणी निथळलं की पिंजर स्वच्छ कागदावर पसरायचं आणि मूठ आवळून बघायचं. तळवा ओला व्हावा, पण थेंब ठिपकू नये. कुठल्याही यंत्रापेक्षा ही मूठ खरी. जास्त ओल राहिली तर पिशवीच्या तळाला पाणी साचून आंबूस वास सुटतो. कमी राहिली तर बुरशी अर्ध्यातच थांबते. पिंजर पूर्ण गार झाल्याशिवाय बी घालायचं नाही, नाहीतर बी मरतं.

पिशवीत पिंजराचा एक थर, कडेनं बी, पुन्हा थर, असं दाबून भरत गेले. ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण 2 टक्के बी पुरतं, म्हणजे दहा किलोला 200 ग्रॅम. तोंड बांधून सुईनं भोकं पाडली आणि पिशव्या वापरात नसलेल्या न्हाणीघरात अंधारात टांगल्या. एका पिशवीत हिरवी बुरशी उतरली, ट्रायकोडर्मा. ती न उघडता तशीच लांब नेऊन पुरली. बाकीच्या साधारण 15 ते 20 दिवसांत पांढऱ्या होतात, तशा झाल्या.

मग प्लास्टिक कापून काढायचं, दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्यानं पाणी मारायचं आणि पेपर वाचता येईल एवढा उजेड ठेवायचा. पहिल्या बहारात देठ लांबलचक आणि टोप्या बटणाएवढ्या आल्या. त्याचं कारण हवा. अळिंबी आपल्यासारखीच कार्बन डायऑक्साइड सोडते आणि बंद खोलीत तो साठला की ती देठच ताणत बसते. न्हाणीघराची वरची झडप उघडून माश्या येऊ नयेत म्हणून तिला बारीक जाळी लावली. दुसऱ्या बहाराला टोप्या तळहाताएवढ्या झाल्या.

टोपीची कड वर वळायच्या आत काढायची, देठाशी धरून पीळ देत. उशीर केला तर बीजाणूंची पांढरी पूड खाली सांडते आणि त्या खोलीत खोकला येतो. काहींना त्याची ॲलर्जीही होते.

सासूबाईंना पावसाळ्यात वारुळावर येणारी रानातली अळिंबीच ठाऊक. प्लास्टिकच्या पिशवीतलीवर त्यांचा विश्वास नव्हता. मी कांदा-लसूण चटणी घालून सुकं केलं. त्यांनी खाल्लं आणि विचारलं, "श्रावणात चालतंय न्हवं हे?" यावर घरात अजून एकमत नाही. काही घरांत अळिंबी श्रावणात वर्ज्यच. आमच्या ह्यांचं मत श्रावणाच्या पहिल्या आठवड्यातच बदललं.

एक किलो वाळलेल्या पिंजरापासून तीन बहार मिळून अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी येते. विकायचा विचार केला होता, पण ती नाजूक, फ्रीजमध्येही तीन-चार दिवसच नीट राहते. वाळवली तर दहावा हिस्सा उरतो आणि महिनोन्महिने टिकते, पण कोल्हापूरच्या जुलैत ऊन कुठून आणायचं? शेजारी वाटली. दूधवाल्या मामांनाही दिली.

उरलेलं पिंजर आता परड्यातल्या खड्ड्यात खत होतंय. मार्चनंतर धिंगरीला इथली हवा सोसत नाही, म्हणून उन्हाळ्यात 30-35 अंशांत येणारी दुधी अळिंबी लावणार आहे. तिला पिंजरावर मातीचा थर द्यावा लागतो. गंजीतलं आतलं पिंजर मामांना आत्ताच सांगून ठेवलंय.