निम्मं वर्ष सरल्यावर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो : "वर्ष निम्मं संपलं आणि ठरवलेल्यातलं निम्मंही झालं नाही. होमस्कूलिंगचं, म्हणजे मुलांना घरीच शिकवण्याचं, नियोजन बदलू का? की पुस्तकंच बदलू?" नव्या पुस्तकांची यादी तोवर बहुधा तयारही असते.

पुस्तकांना तूर्त हात लावू नका. आठवडाभर नवीन धडे थांबवा आणि मुलांच्या वह्या घेऊन बसा. वेळापत्रक बाजूला राहू दे. ते वर्ष सुरू व्हायच्या आधी अंदाजाने आखलेलं असतं. अंदाजाला आपण कर्ज समजायला लागतो आणि मग हप्ते थकल्यासारखं वाटत राहतं.

आमच्या धाकट्याच्या गणिताच्या वहीतलं एक पान सांगते. ५२ − ३८ = २६. त्याखाली ७१ − ४५ = ३४. मग ६३ − २९ = ४६. तिन्ही उत्तरं चूक, आणि तिन्ही एकाच तऱ्हेने चूक. वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे न बघता त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय. ४८ − २३ मात्र बरोबर आलंय, कारण तिथे त्याचा नियम खपून जातो. नियोजनाच्या कागदावर वजाबाकीपुढे 'झालं' अशी खूण होती. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये नेमक्या अशाच चुकांवर लिहिलं होतं : मुलं हिशेबात वाटेल तशी चुकत नाहीत, पुष्कळदा एखादी चुकीची रीत अगदी इमानाने पाळत असतात. अशा मुलाला आणखी पन्नास गणितं घातली की तीच रीत पन्नास वेळा घोटली जाते. नवं पुस्तक आणलं तरी तेच, फक्त चित्रं वेगळी. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि पुढचे धडे सोडून दशक सुटा करण्यावर आलो. कागदावर बघाल तर आम्ही मागे गेलो.

वह्या बघून झाल्या की पुस्तक मिटून तोंडी विचारायचं. आज शिकवलेलं आज विचारण्यात काही अर्थ नाही, ते येणारच. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं आणि १८८५ मध्ये ते छापलं. आपण सुरुवातीला भराभर विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. तेव्हापासून, म्हणजे मी हे वाचलं तेव्हापासून, आमच्याकडे 'झालं' ही खूण त्याच दिवशी होत नाही. आठवडा गेल्यावर, न बघता सांगता आलं तरच. या हिशेबाने झालेले धडे आणखी कमी भरतात, त्याला तयार राहा. पण वर्षाच्या उत्तरार्धात उजळणीला किती जागा लागेल, हे इथेच कळतं.

आता वेळ. काहनेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसांच्या एका खोडीवर बोट ठेवलं : काम किती दिवसांत होईल हे सांगताना आपण योजनेकडे बघतो, तशी कामं पूर्वी किती लांबली होती त्याकडे बघत नाही. घरी शिकवणाऱ्यांना ही खोड हमखास असते. आजारपण, पाहुणे, आपलं स्वतःचं काम, नुसता कंटाळा, यातलं काहीच यंदा होणार नाही असं धरून आपण आखतो. म्हणून गेल्या काही आठवड्यांत खरोखर किती धडे झाले ते मोजा आणि पुढेही तेवढेच धरा. आठवड्यातले चारच दिवस भरा, पाचवा कोरा ठेवा. तो आपोआप भरतो.

मग उरतं गाळणं, आणि खरी जिवावर येणारी गोष्ट हीच. सगळ्या विषयांना थोडी थोडी कात्री लावली की कुणाचीच नाराजी होत नाही आणि एकही विषय धड होत नाही. त्यापेक्षा एखादा विषय अख्खा थांबवावा. वाचन आणि गणित यांत पायरीवर पायरी असते, ती सोडता येत नाही. इतिहास-विज्ञानातले बरेच धडे पुढच्या वर्षी गेले तरी बिघडत नाही. थांबवायचं ठरतं तेव्हा आई-बापांचा लाडका विषय नेमका बचावतो, असं माझं निरीक्षण आहे. आमच्या भिंतीवर इतिहासाची लांबलचक कालपट्टी होती. थोरलीला तिच्यात काडीचा रस नव्हता. कालपट्टी अजून आहे, पण ती आता माझी आहे. मी रात्री एकटी चिकटवत बसते.

लेखनावरून रोज दुपारी रडारड होत असेल तर लेखन बंद करण्याआधी त्याचे दोन भाग करून बघा. सुचणं वेगळं आणि हात चालणं वेगळं. धाकटा पेन्सिल धरून मुंग्यांवर दोन ओळी लिहायचा आणि मान टाकायचा. तोच बोलायला लागला आणि मी लिहून घेतलं, तर पान भरून वर समासात लिहावं लागलं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ लहान मुलांचे पाठ छोटे ठेवा आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत सांगू द्या, असं आग्रहाने सांगायच्या. त्यांचं सगळंच मला पटत नाही, हे पटतं. आता अक्षराचा सराव सकाळी थोडा वेळ, आणि गोष्ट सांगणं त्याला हवं तेव्हा.

पुस्तक कधीच बदलू नये असं नाही. तोंडी नीट समजावणारं मूल पुस्तकाच्या पानावर आल्यावर वारंवार अडखळत असेल, तर जरूर बदला. पण आधी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवा. एखादं पुस्तक अपूर्णांक आधी घेतं, दुसरं बरंच नंतर. मध्येच उडी मारली की एखादा धडा दोन्हीकडून निसटतो. नव्या पुस्तकातल्या आधीच्या धड्यांचे स्वाध्याय मुलाला सोडवायला द्या, नेमकं कुठून सुरू करायचं ते समजेल. राहता तिथे वार्षिक परीक्षा किंवा नोंदी देणं सक्तीचं असेल तर त्या तारखा कागदावर सगळ्यात आधी टाका, त्यात तडजोड नाही.

उरलेलं सगळं वर्ष नव्याने मांडू नका. पुढचे सहा आठवडे पुरे.

आणि हो, मुलांनाही विचारा. पुढचा प्रश्न हाच असतो, की त्यांना यात घ्यायचं का. थोरली म्हणाली, "येतंय त्याची गणितं रोज कशाला? एकाआड एक सोडवते. एक जरी चुकलं तर सगळी करीन." सौदा मला बरा वाटला. गेल्या आठवड्यात एक चुकलं. तिने सगळी सोडवली, कुरकुर करत.