तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवावा का?

माझी पिकअप मुळात ऑटोमॅटिक होती आणि आता ती क्लच-गिअरवर चालते, हे कळल्यावर जुनी पिकअप बाळगणारे लोक मला हटकून एक प्रश्न विचारतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी झाला आहे. तो उघडून दुरुस्त करण्याऐवजी मॅन्युअलच बसवला तर जमेल का आणि परवडेल का? तुमच्या मॉडेलची त्याच इंजिनासह मॅन्युअल आवृत्ती कारखान्यातून निघत असेल, तर हा बदल नक्की जमतो. परवडेल की नाही हे मात्र गिअरबॉक्सच्या किमतीवर ठरत नाही, आणि नेमका इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून आधी तो घेऊन ठेवायचा आणि बाकीचे भाग लागतील तसे गोळा करायचे, ही या कामाची सर्वांत महागडी पद्धत आहे. गिअरबॉक्सखेरीज क्लचचे पेडल व त्याची चौकट, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणारी जोडी), फ्लायव्हील (इंजिनामागची जड फिरती तबकडी) व त्याचे बोल्ट, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे, क्लच झाकणारे कवच), क्लच फोर्क, क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी), योग्य लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, गिअर लिव्हरभोवतीचे फ्लोअरचे झाकण आणि वायरिंगचे तुकडे लागतात. यांतील प्रत्येक वस्तू सुटी शोधायला गेले की वेळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणून माझा आग्रह असतो की, त्याच मॉडेलची, त्याच काळातली, त्याच इंजिनाची आणि शक्यतो चालू स्थितीतली एक मॅन्युअल गाडी भंगारात निघालेली सापडली, तरच कामाला हात घालावा. तुमची गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर तीही तशीच हवी, कारण ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडेही जोर वाटून देणारी पेटी) आणि तिचा जोडभाग वेगळा असतो. साधे उदाहरण घ्या. फोर्डच्या एफ-मालिकेतल्या पिकअपमध्ये १९८७ पासून आलेल्या झेडएफ एस५-४२ गिअरबॉक्सचा स्लेव्ह सिलिंडर बाहेरून बसतो, तर त्यानंतर लगेचच आलेल्या एम५ओडी-आर२ मध्ये तो बेल हाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती (इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याभोवती) असतो. दोन्ही पाच गिअरचे आणि एकाच मालिकेतल्या गाड्यांचे, पण एकाचे भाग दुसऱ्याला चालतील असे गृहीत धरता येत नाही. शिवाय आतला सिलिंडर गळू लागला तर सगळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे तो जुना असेल तर परत बसवूच नये.

खरे जोखमीचे काम क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाशी आहे. ऑटोमॅटिकमध्ये तिथे फ्लेक्सप्लेट नावाची पातळ पोलादी तबकडी असते आणि फ्लायव्हीलचे वजनदार काम टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा भाग) करतो. मॅन्युअलसाठी त्या जागी जड फ्लायव्हील येते, आणि ते इंजिनाच्या बॅलन्सशी जुळणारेच असावे लागते, कारण काही इंजिनांचा तोल साधायला फ्लायव्हीलवर एका बाजूला ठरावीक जादा वजन दिलेले असते. फोर्डच्या ३०२ (घन इंचांतील आकारमान) इंजिनाला १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत २८ औंस-इंच बॅलन्सचे फ्लायव्हील लागे, पुढे ते ५० झाले. ३५१ विंडसर मात्र २८ वरच राहिले, आणि सहा सिलिंडरच्या ३०० इंजिनाला असे बाहेरचे वजन लागतच नाही. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक या व्ही-८ इंजिनात १९८६ च्या सुमारास मागचे ऑइल सील अखंड झाले, तेव्हा क्रँकवरील बोल्टांचे वर्तुळही बदलले आणि फ्लायव्हीलचा बॅलन्सही. बोल्टांची जागा वेगळी असली की चूक लगेच लक्षात येते. २८ आणि ५० ची गल्लत तशी कळत नाही, कारण चुकीचे फ्लायव्हीलसुद्धा व्यवस्थित बसते आणि इंजिन सुरू झाल्यावरच हादरे जाणवतात. ते हादरे पुढे बेअरिंगे खातात. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट आखूड असतात, तेच जाड फ्लायव्हीलला लावू नयेत. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्यावेत आणि ठरलेल्या टॉर्कने आवळावेत.

त्याच क्रँकच्या टोकाला मधोमध एक भोक असते. ऑटोमॅटिकमध्ये तिथे कन्व्हर्टरचे नाक टेकलेले असते. मॅन्युअलमध्ये तिथे पायलट बेअरिंग किंवा बुश बसतो आणि इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देतो. क्रायस्लरच्या काही जुन्या इंजिनांत ऑटोमॅटिकसाठी बनवलेल्या क्रँकचे हे भोक पुरत्या मापाला आणलेलेच नसते. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी गिअरबॉक्स उतरवून, गंज बारीक एमरी कागदाने हलकेच साफ करून, व्यास आणि खोली मोजून घ्यावी. दुसऱ्या गाडीचे बेल हाउसिंग आणले असेल तर फ्लायव्हीलवर डायल गेज (सूक्ष्म सरक काट्याने दाखवणारे मापक) लावून, क्रँक हाताने फिरवत, बेल हाउसिंगचे मधले छिद्र केंद्रात आहे का तेही पाहावे. गेजची काटा-हालचाल एकूण ०.०१० इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटरच्या आत असावी, असा प्रचलित निकष आहे. प्रत्यक्षातली सरक त्याच्या निम्मी असते. काटा-हालचाल जास्त निघाली तर ती सुधारायला ऑफसेट डॉवेल पिना (बेल हाउसिंग थोडे सरकवून बसवणाऱ्या तिरकस खुंट्या) मिळतात. ही तपासणी कंटाळवाणी वाटते आणि अनेक वर्कशॉपमध्ये ती सर्रास टाळली जाते, पण नव्या क्लचनंतरही गिअर अडखळतात, पायलट बेअरिंग अकाली झिजते, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

गिअरबॉक्स वर चढवताना एक गोष्ट मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठीच्या दांड्याने प्लेट नीट बसवलेली असेल तर इनपुट शाफ्टवरच्या लांबट खाचा (स्प्लाइन) प्लेटमध्ये जातात, टोक पायलटमध्ये शिरते आणि गिअरबॉक्स हातानेच इंजिनाला टेकतो. शेवटचे बोटभर अंतर उरले आणि तो पुढे सरकत नसेल, तर बोल्ट आवळून ओढायचा मोह अजिबात होऊ देऊ नये. त्याने क्लच प्लेटचा हब वाकतो, पायलटची कड मोडते किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. गिअर टाकून मागचा आउटपुट शाफ्ट हाताने थोडा फिरवला की खाचा जुळतात. तरीही अडत असेल तर मागे घेऊन प्लेट पुन्हा मध्यावर आणावी.

डॅशबोर्डखालचे काम सर्वांत जास्त वेळ खाते. ऑटोमॅटिकचे रुंद ब्रेक पेडल जाऊन दोन पेडलांची चौकट येते. मास्टर सिलिंडर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पत्र्यावर बसतो आणि क्लच दाबताना पायाचा जोर त्याच पत्र्यावर येतो. जुन्या पत्र्याला तिथे आधीच बारीक चिरा असतील तर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी देऊन तो मजबूत करावा, नाहीतर पत्राच मागेपुढे हलतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

विजेचे काम तुलनेने थोडे असते. स्टार्टरचा न्यूट्रल स्विच आता क्लच पेडलवर येतो, रिव्हर्सच्या दिव्याची जोडणी गिअरबॉक्सवरील स्विचकडे जाते, आणि स्पीडोमीटरचा गिअर किंवा सेन्सर जुळवावा लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत गोष्ट इथे संपते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स संगणकाने चालवला जात असेल, तर मात्र त्या मॅन्युअल गाडीचा इंजिन-संगणकही घेऊन ठेवावा. जुना संगणक आता नसलेल्या सोलेनॉइडांचा (ऑटोमॅटिकमधल्या विजेवर चालणाऱ्या झडपांचा) शोध घेत राहतो आणि दोषाचा दिवा लावतो.

एवढे सगळे केवळ इंधन वाचवण्यासाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही बचत होईलही, पण ती या खर्चाला पुरून उरेल अशी नसते, आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ऑटोमॅटिकसाठी निवडलेले असेल तर तीही कमी होते. इंजिन चांगले असेल, गाडी अनेक वर्षे ठेवायची असेल, ओझे घेऊन उतार उतरताना गिअर आपल्या हातात हवा असेल, आणि भाग काढायला पूर्ण गाडी मिळत असेल, तर मी निःसंकोचपणे हो म्हणतो. यांतली शेवटची अट पुरी होत नसेल, तर जुना ऑटोमॅटिकच नीट दुरुस्त करून घ्यावा. चांगल्या हाताने बांधलेला ऑटोमॅटिक ही कमीपणाची गोष्ट नाही.

आणि गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी हँडब्रेक दुरुस्त करावा. ऑटोमॅटिकमध्ये पार्क लावले की आतला खटका आउटपुट शाफ्ट धरून ठेवतो, त्यामुळे अशा गाड्यांचा हँडब्रेक वर्षानुवर्षे वापरलाच जात नाही आणि त्याची केबल गंजून जाम झालेली असते. तो खटका आता राहिलेला नाही. केबल, मागचे ब्रेक शू आणि त्यांचे समायोजन हे याच कामाच्या खर्चात धरावे.