ए१एफची चकती फिरली, एक्स६८००० अजून चादरीखालीच

मागच्या नोंदीला अडीच महिने झाले. मधे गोल्डन वीकची सुट्टी येऊन गेली, इथला पावसाळा म्हणजे त्सुयु सुरू झाला आणि टोकियोतल्या निशिकासाईच्या आमच्या दोन खोल्यांत आणखी एक यंत्र, म्हणजे जुना जपानी संगणक, आलं. नवऱ्याला मी "एकच तर आणलंय" म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त इस्त्रीचं टेबल उचलून बाल्कनीत ठेवून आला.

आणलेलं यंत्र म्हणजे पॅनासॉनिकचा एफएस-ए१एफ, १९८७ चा एमएसएक्स२. जून १९८३ मध्ये अस्की कंपनीचे निशी काझुहिको आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एमएसएक्स या घरगुती संगणकांच्या समान मानकाची घोषणा केली. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, झेड८० प्रोसेसर तोच आणि एकाची कार्ट्रिज दुसऱ्यावर चालायलाच हवी, असा तो करार. पुढे १९८६ मध्ये पॅनासॉनिकने २९,८०० येनला एफएस-ए१ काढला आणि एमएसएक्स२, म्हणजे या मानकाची दुसरी आवृत्ती, शाळकरी मुलांच्या आवाक्यात आली. माझा ए१एफ त्याचाच धाकटा भाऊ, उजव्या अंगाला साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह असलेला. त्या ड्राइव्हसाठीच मी तो घेतला आणि नेमका तोच बंद होता.

बंद असणार हे माहीत होतं म्हणा. इथे जुन्या यंत्रावरची चिठ्ठी वाचायला शिकणं हे सोल्डरिंग शिकण्याइतकंच गरजेचं आहे. "जंक" लिहिलं असेल तर परत घेणार नाही, तक्रार ऐकणार नाही. "त्सूदेन नोमी काकुनिन" म्हणजे वीज जाते एवढंच पाहिलंय. आणि "दोसा मिकाकुनिन", म्हणजे चालतं का ते तपासलेलं नाही. या शेवटच्या चिठ्ठीवर मी आता विश्वास ठेवत नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे आणि भिंतीत प्लग आहे, त्याने एकदाही बटण दाबून पाहिलं नाही? पाहिलं, चाललं नाही, मग चिठ्ठी लिहिली. ए१एफवर यांतली दुसरी, वीज जाते एवढंच सांगणारी, चिठ्ठी होती आणि ती खरी निघाली. लोगो आला, १२८ किलोबाइट व्हीरॅम (चित्रासाठीची मेमरी) दिसली, बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू झाली. फ्लॉपीवरच्या नावांची यादी मागायला "फाइल्स" ही आज्ञा टाइप केली की जरा विचार करून "डिस्क ऑफलाइन".

ज्यांनी हे ड्राइव्ह उघडलेत त्यांना पुढचं ठाऊक आहे. मोटरीकडून चकतीकडे फिरणं नेतो तो रबरी बेल्ट, आणि पस्तीस-चाळीस वर्षांत त्या रबराचं पाणी होतं. पाणी कसलं, काकवी! खालचं झाकण काढलं तर मोठ्या पुलीभोवती घट्ट काळी काकवी चिकटलेली, तिचा एक ओघळ मोटरीच्या दांड्यापर्यंत गेलेला. बोटाला लागली की साबणाने जात नाही आणि कीबोर्डला लागली तर जन्मभर राहते. औषधांच्या दुकानात मिळणारं मुसुइ एतानोरु (शुद्ध इथेनॉल), कानात घालायच्या कापसाच्या चाळीसेक काड्या आणि एक अख्खी दुपार. काकवी आधी पातळ होऊन पसरते, घाबरायचं नाही, पुसत राहायचं. मात्र वरच्या हेडला (फ्लॉपी वाचणाऱ्या भागाला) हात लावू नका. ते पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर असतं आणि साफ करायला म्हणून जास्त वर उचललं की परत सरळ बसत नाही. पहिल्या ड्राइव्हची मी अशीच वाट लावली होती.

आता बेल्ट केवढा घ्यायचा? मूळ बेल्टचं माप घ्यायला मूळ बेल्टच नव्हता. रविवारी सांगलीला फोन लावला तेव्हा बाबांना सहज बोलले. बाबांकडे १९८४ सालचा नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन होता, काकांनी मस्कतहून आणलेला, आणि त्याचे बेल्ट बाबा स्वतः बदलायचे. "अगं, त्याच कंपनीचं ना? मग दोरा घे. दोन्ही पुल्यांवरून फिरव, गाठ मारायची तिथे खूण कर, सोडून मोज. त्यात शंभराला पाच कमी कर, तो तुझा बेल्ट." वर आणखी, "फार ताणलास तर मोटरीचं बुश खाईल."

तीन बेल्ट मागवले, जवळजवळ एकाच घेराचे पण वेगवेगळ्या जाडीचे. चकती तिन्हींवर फिरली. अडचण अशी की फिरणं आणि नीट फिरणं यात फरक आहे. साडेतीन इंची चकती मिनिटाला ३०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला पाच. वेग दोन टक्क्यांनी चुकला तर स्वतः लिहिलेली फ्लॉपी ती वाचेलही, पण दुसऱ्या यंत्रावर लिहिलेली वाचताना कुरकुर करेल आणि दोष आपण हेडला देत बसू. वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूबलाइट आहे.

जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हच्या पोटाखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गोल नक्षी असायची, ती यासाठीच. टोकियोची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. कागदाच्या गोल तुकड्यावर समान अंतराने २० काळ्या खुणा करायच्या आणि तो पुलीवर चिकटवायचा. चकती सेकंदाला बरोबर पाच फेऱ्या घेत असेल तर दोन उजेडांच्या मधे प्रत्येक खूण पुढच्या खुणेच्या जागी पोचते आणि फिरणारा कागद डोळ्यांना थांबलेला दिसतो. वेग जास्त असेल तर खुणा पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. किती चूक आहे तेही कळतं, सेकंदाला एक खूण सरकली म्हणजे मिनिटाला तीन फेऱ्यांचा फरक. एलईडीच्या उजेडात हे बहुधा जमत नाही आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघू नका, त्याची स्वतःची लय असते, तो खुशाल खोटं दाखवतो.

रात्री भांडी आवरल्यावर बाकीचे दिवे घालवले. ए१एफ पोट उघडा करून सिंकच्या शेजारी, खाली कोरडा टॉवेल. पहिला बेल्ट बारीक होता. फ्लॉपी नसताना खुणा जवळजवळ स्थिर, फ्लॉपी आत सारली की मागे घसरायला लागायच्या, मधेच अडकायच्या, परत घसरायच्या. बेल्ट निसटत होता. दुसरा जाड. खुणा सेकंदाला दोन या हिशेबाने शांतपणे पुढे, म्हणजे ३०६ फेऱ्या. मोटरीची पुली छोटी, तिच्यावर जाड रबर चढलं की तिचा घेर प्रमाणाबाहेर वाढतो आणि चकती पळते. हे आधी डोक्यात यायला हवं होतं. तिसरा बेल्ट चढवला, फ्लॉपी घातली आणि वीस काळ्या खुणा जागच्या जागी उभ्या राहिल्या, कडा जराशा थरथरत. मुलगी झोपेतून उठून पाणी प्यायला आली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "आई, हे तर बंदच आहे." मी पुलीच्या कडेला कागदाचा कपटा टेकवला, तो टर्रकन उडाला.

फाइल्स टाइप केलं. नावांची यादी आली.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडेही ५० हर्ट्झच, तेव्हा वीस खुणांचा कागद नागपुरात किंवा मडगावात जसाच्या तसा चालेल, चोकवाली ट्यूब तेवढी शोधा. यंत्राला मात्र १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हवाच, २३० थेट दिलात तर नोंद लिहायला काही उरणार नाही. ओसाकाची वीज ६० हर्ट्झची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, आणि देश अजूनही दुभंगलेला आहे. तिथे ३०० फेऱ्यांसाठी २४ खुणा लागतात. हाच वीस खुणांचा कागद ओसाकात स्थिर दिसला तर चकती ३६० ने फिरतेय असं समजायचं.

यंत्रासोबत एक फ्लॉपीही आली होती. चिठ्ठीवर पेनाने "शोवा ६४, नेन्गाजो". कुणीतरी १९८८ च्या डिसेंबरात नववर्षाच्या कार्डांचे पत्ते त्यात भरले असणार. जपानी वर्षं सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजतात; शोवा ६४ हे वर्ष जेमतेम सात दिवस टिकलं, ७ जानेवारी १९८९ ला सम्राट गेले आणि दुसऱ्या दिवशी हेइसेइ सुरू झालं. फ्लॉपीचं पत्र्याचं झापड सरकवून बघितलं तर आत तपकिरी चकतीवर पांढरे ठिपके. बुरशी. कोकणातल्या घरी पुस्तकांना येते तशीच. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, बुरशी हेडवर घासते आणि मग पुढची प्रत्येक फ्लॉपी ओरखडत जाते. ती पाकिटात घालून ठेवली आहे. साफ केली तरी पत्ते वाचणार नाही, ते माझे नाहीत.

बाकी यंत्रांचं फारसं सांगण्यासारखं नाही. फुजित्सूचा एफएम-७ ठणठणीत आहे. दोन ६८०९ प्रोसेसर असलेल्या १९८२ च्या या यंत्राला कळ दाबलेली कळते, सोडलेली कळत नाही, त्यामुळे खेळातला माणूस थांबवायला दुसरी कळ दाबावी लागते. मुलगी याला "ब्रेक नसलेला" म्हणते. एमएसएक्सच्या पडद्यासाठीच्या २१ पिनी आरजीबी जोडणीला मी युरोपातली स्कार्ट केबल लावणार होते, वेळीच थांबले. खोबणी तीच, पण पिनांची जुळणी वेगळी. जपानी जुळणीचीच केबल घ्या.

आणि एक्स६८०००. शार्पचा, १९८९ चा एक्सपर्ट, दोन मनोऱ्यांचा, मधून वर येणारा हँडल. विकणाऱ्याने "तपासलेलं नाही" लिहिलं होतं. घरी आणून वीजपुरवठ्याच्या जाळीला नाक लावलं तर शिळ्या मासळीचा वास. कपॅसिटर गळलेत. या यंत्राचं पुढचं बटण नुसतं इशारा देतं, मागचा मुख्य स्विच लावला की वीजपुरवठ्याचा एक भाग जागाच असतो. गळलेला द्रव बोर्डावर असताना तो स्विच लावायचा म्हणजे उरलेलं जाळणं. म्हणून दोन महिने तो चादरीखाली आहे. कपॅसिटर आलेत, सोल्डर ओढायचा पंप आलाय, धीर यायचाय. त्याच्या ड्राइव्ह ३६० फेऱ्यांच्या, म्हणजे इथल्या विजेवर १०० भागिले सहा, पूर्ण खुणा येत नाहीत. पन्नास खुणांचा कागद केलाय, दर उजेडाला तीन खुणा पुढे.

तो कागद मात्र लवकर वापरावा लागेल. काल लिफ्टजवळ नोटीस लागली. २०२७ च्या अखेरीला ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात इथे बंद होतेय, म्हणून इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत एलईडी बसवणार. आमच्या मजल्याचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. नवरा खूश आहे. मी व्यवस्थापकांकडे जुनी पट्टी चोकसकट मागून ठेवली आहे, आणि ती कुठे ठेवणार हे अजून घरात सांगितलेलं नाही.