कंबरदुखी आणि गाडीची सीट

कंबरदुखीचा जुना त्रास असलेल्या माणसाने गाडी घेताना मायलेजच्याही आधी सीट पारखावी, असे माझे ठाम मत आहे. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर कण्यातील चकत्यांवर अधिक दाब येतो, हे स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष मोजून दाखवले. पाठ थोडी मागे रेलवून कमरेच्या पोकळीला आधार दिला, तर तो दाब कमी होतो, हेही पुढील अभ्यासांत दिसले. त्यामुळे लंबर सपोर्ट, म्हणजे सीटच्या पाठीतला कमरेचा आधार, पुढेमागे आणि शक्यतो वरखालीही करता येणारा असावा.

सीटची उंची तितकीच महत्त्वाची आहे. बसताना खाली वाकावे लागू नये आणि उतरताना अंग वर ओढावे लागू नये. फार उंच एसयूव्हीत चढतानाही एका पायावर भार येऊन कंबर पिळवटतेच. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा उरावी, म्हणजे मांडीला पुरेसा आधार मिळतो.

शहरातल्या कोंडीत सतत क्लच दाबण्याचा ताण कमरेपर्यंत पोहोचतो, म्हणून ऑटोमॅटिक गाडीसाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला रास्त वाटते. मोठ्या रिमवरचे पातळ टायर दिसायला देखणे असले, तरी खड्ड्याचा हादरा ते फारसा शोषत नाहीत. टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता गतिरोधक आणि खड्डे असलेल्या आपल्या रोजच्या रस्त्यावर, निदान अर्धा तास घ्यावी.